सुंठ, काकवी आणि उतरती भट्टी

शुक्रवारी आमच्या घरात खलबत्ता वाजत नसे. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर बोलणं चाले. आम्ही मुलं घामाने बाकाला चिकटून बसलेली असू. घरी परतल्यावर पानात मऊ भात आणि पातळ आमटी. फोडणीचा आवाज नाही, कुटणं नाही, रेडिओ नाही. शनिवारची दुपार कलली की मोठीआई खलबत्ता ओसरीवर ओढून घ्यायची. पहिला ठोका पडला की अंगणात, जिन्यात, शेजारच्या वाड्यात, जिथे कुठे असू तिथून आम्ही अकरा भावंडं धावत यायचो. सुंठ कुटायला घेतलेली असायची. आमचा ईस्टर त्या ठोक्याने सुरू होत असे.

अकरा म्हणजे सख्खी, चुलत आणि राहायला आलेली आते-मामे भावंडं धरून. घर नगरचं, भाड्याचं, तीन खोल्या आणि एक ओसरी. २०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आम्ही एकमेकांशी बोलताना अजून ‘नगर’च म्हणतो, जसं आमच्या पलीकडच्या पिढीतले लोक चर्चला ‘देऊळ’ म्हणत आणि रविवारच्या वर्गाला ‘शब्बाथ शाळा’. वाटेत पाळकसाहेब भेटले की ‘सलाम’ करायचा, ही शिस्त. हे शब्द आता आमच्या मुलांना समजावून सांगावे लागतात. केकचं मात्र तसं नाही. तो त्यांना खाऊनच समजला.

मोठीआई आमच्या आजोबांची आई. १८९९-१९०० च्या दुष्काळात ती सहा-सात वर्षांची होती. भावाचा हात धरून ती नगरात आली आणि भाऊ काही दिवसांनी गेला. गावाचं नाव तिला शेवटपर्यंत आठवलं नाही, एवढंच सांगायची की गावाच्या वाटेवर एक पडकी बारव होती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला आपलं ठाणं मांडलं होतं. दुष्काळात रॉबर्ट ह्यूम आणि त्यांच्या सोबतच्यांनी पोरक्या मुलांना आसरा दिला. ह्यूमसाहेबांना पुढे सरकारने दुष्काळातल्या कामाबद्दल कैसर-ई-हिंद पदक दिलं. मोठीआईला पदकाचं काही नव्हतं. तिला आठवायची ती बोर्डिंगमधली पहिली भाकरी. अर्धी खाल्ली आणि अर्धी परकराच्या नेफ्यात खोचली. रात्री बाईंनी ती पाहिली, पण काढून घेतली नाही. ‘सकाळी पुन्हा मिळेल’ एवढंच म्हणाल्या. आणि सकाळी खरंच मिळाली. हे सांगताना ती नेहमी थांबायची आणि आमच्याकडे बघायची. आम्हाला तेव्हा त्यात विशेष काय ते कळत नसे.

मोठ्या मुलींना आळीपाळीने मिशनच्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात कामाला पाठवत. तिथे ती पाव करायला शिकली, आणि एका मडमसाहेबांचा सुंठेचा केकही. तो त्यांच्या देशात उसाच्या दाट काळ्या रसात भिजवतात. तो रस डब्यातून समुद्रापलीकडून यायचा. एका वर्षी डबा आला नाही, तेव्हा स्वयंपाकीणबाईंनी गुऱ्हाळावरून काकवी मागवली. मडमसाहेबांनी एक घास खाल्ला आणि त्यानंतर डबा मागवणं बंद केलं, असं मोठीआई सांगायची. खरं-खोटं पाहायला आता कुणी उरलेलं नाही. पण काकवीचा केक आमच्या घरी आला तो असा. पुढे हा जिल्हा साखर कारखान्यांचा झाला. प्रवरेला १९५० मध्ये सहकारी कारखाना उभा राहिला आणि मग एकामागून एक चिमण्या दिसू लागल्या. तरी आमची काकवी गुऱ्हाळाचीच असायची. थंडीत गुऱ्हाळं चालू असताना आजोबा सायकलवरून जाऊन किटली भरून आणत. ती फडताळात मागच्या बाजूला, आमचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवलेली असायची. ईस्टरपर्यंत ती तिथेच राहत असे, निदान मोठ्यांची तशी समजूत होती.

त्या केकची वही आजीच्या अक्षरात आहे. आजी शाळेत शिकवायची, त्यामुळे सासूच्या तोंडून ऐकून तिने सगळं नीट लिहून ठेवलं होतं. मापं शेराची. मूळ कृती पाऊंडाची, पण ‘पाऊंड म्हणजे अर्धा शेर’ असं मोठीआईने बंगल्यातच ठरवून टाकलेलं. हिशेब फार चुकीचा नव्हता. शेर ऐंशी तोळ्यांचा, त्याचा अर्धा चाळीस तोळे. पाऊंड भरतो एकोणचाळीस तोळ्यांच्या आसपास. एका तोळ्याने काय बिघडतं! बिघडलं ते किलो आल्यावर. अर्ध्या शेराच्या जागी अर्धा किलो मोजला जाऊ लागला, पीठ वाढलं, सुंठ मात्र दीड तोळाच राहिली, आणि दोन वर्षं केक अळणी झाल्यासारखा लागला. कारण आत्याच्या लक्षात आलं. तिने वहीत शेराच्या शेजारी पेन्सिलीने ग्रॅम लिहिले. आजही ती पेन्सिल दिसते: पीठ ४६५, तूप २३०, अंडी चार, सुंठ १७. सगळे आकडे आहेत, फक्त काकवीपुढे आकडा नाही. तिथे आजीने लिहिलंय, ‘पुरेल एवढी’.

कामं वाटलेली होती आणि ती वयाप्रमाणे बदलत. सगळ्यात लहान असेल त्याने डब्यांना तूप लावायचं. त्याच्या वरच्याने पीठ आणि सोडा तीनदा चाळायचा. मुलगेही करत, मोठीआईच्या घरात मुलगा म्हणून कुणाला सूट नव्हती. तूप-गूळ फेटायचं काम तेरा वर्षांच्या पुढच्यांचं. मोठ्या परातीत, तळहाताने, एकाच दिशेने, हात दुखेपर्यंत. एप्रिलमधलं नगर म्हणजे पारा चाळिशीला टेकलेला. तूप परातीत पडताच पातळ व्हायचं, आणि पातळ तुपात हवा धरत नाही. म्हणून परात पाण्याच्या घमेल्यात ठेवायची आणि पाण्यात माठावरचं ओलं फडकं टाकायचं. मिश्रण रंगाने फिकं झालं आणि बोटावरून घसरेनासं झालं की मोठीआई मान हलवायची. तोवर थांबायचं नाही.

मग आमचा आवडता क्षण. काकवी कोमट करून तिच्यात सोडा टाकायचा. काकवी किंचित आंबट असते, सोडा पडताच ती फसफसून वर येते, भांड्याच्या काठापर्यंत फेस चढतो. ‘उतू गेलं, उतू गेलं’ म्हणून आम्ही ओरडायचो. ते कधीच उतू गेलं नाही, कारण तिने भांडंच तेवढं मोठं घेतलेलं असायचं. तो फेस बसायच्या आत सगळं एकत्र करून डब्यांत ओतायचं आणि पळायचं. कारण घरात ओव्हन नव्हता.

खूप आधी एक होता, म्हणजे घासलेटच्या चौकोनी डब्याला दार कापून केलेला, खाली कोळशाची शेगडी आणि झाकणावर निखारे. पण त्यात एका वेळी एकच केक मावायचा आणि आमच्याकडे सहा डबे निघत. म्हणून गल्लीच्या टोकाची भट्टी. नगरात दिवाळीला काय, ख्रिसमसला काय, घरचं तूप-पीठ घेऊन नानकटाई भाजून आणायला माणसं भट्टीवर जातच. आम्ही ईस्टरच्या आदल्या रात्री जायचो. भट्टीवाल्या चाचांचा नियम पक्का होता. संध्याकाळचे पाव निघाल्याशिवाय घरगुती डबे आत घ्यायचे नाहीत. तेव्हा आम्हाला वाटे की ते आपलं काम आधी उरकतात. खरं कारण वेगळं होतं. लाकडाच्या भट्टीत निखारे ओढून काढले की पहिली आच पावाला लागते, ती प्रखर असते. केक त्या आचेत टाकला तर वरून काळा आणि आतून कच्चा. पाव निघाल्यावर भट्टी हळूहळू उतरायला लागते, आणि त्या उतरत्या आचेत केक सावकाश, मधोमध फुगून भाजतो. चाचा आत हात घालून मनात आकडे मोजत. दहापर्यंत हात राहिला की म्हणत, ‘आता तुमचं आणा.’

लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर एकेक डबा आत जायचा. कुणाचा डबा कोणता ते कळावं म्हणून प्रत्येक घराची खूण असे. कुणी डब्याला छिद्र पाडलेलं, कुणी खिळ्याने अक्षर कोरलेलं. आमच्या डब्यांच्या काठाला तांब्याच्या तारेचा एक वेढा होता. आत कुणाकुणाचं एकत्र भाजत असायचं: शेजारच्या लग्नघरातली नानकटाई, कँपातल्या कुणाची बिस्किटं आणि आमचा काकवीचा केक. १९९० आणि १९९१, सलग दोन वर्षं ईस्टर रमजानमध्ये आला. त्या रात्री भट्टी झोपलीच नाही. सहेरीसाठी पाव निघत होते आणि आम्ही पहाटेच्या उपासनेसाठी जागे होतो. चाचांचा मुलगा दोन्ही बाजूंना चहा देत होता. तोवर आमच्यातल्या निम्म्यांची लग्नं झाली होती, मोठीआई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी डबे घेऊन आम्हीच गेलो. घरात एव्हाना काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला होता, पण त्यातला केक फक्त केक व्हायचा. भट्टीतल्या केकला बाभळीच्या धुराचा एक पुसट वास असे, आणि तो आम्हाला हवा होता.

पहाटे चारला उठवायचे. अंधारात दफनभूमीकडे प्रभातफेरी निघायची. पुढे पेटी आणि तबला, हातात मेणबत्त्या. ज्या नगर भागात ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजन-कीर्तनाला मराठी वळण दिलं, तिथे ईस्टरची पहाटसुद्धा टाळांवर उजाडायची. कबरींजवळ पाळकसाहेब शुभवर्तमानातला तो भाग वाचायचे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, पहाटेच, बायका सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे निघाल्या. मोठीआई दर वर्षी तेवढ्या वाक्याला माझा हात दाबायची. नंतर एकदा तिने सांगितलं, ‘त्या बायकांनीपण आदल्या दिवशी कुटूनच ठेवलं असणार. पुरुष कुणी नव्हते बरोबर. माणूस गेला तरी बायका हाताशी काम घेऊनच बसतात.’ मी पुढे या भागावरची बरीच प्रवचनं ऐकली, पण मोठीआईचं हे बोलणं मला त्या सगळ्यांहून जास्त पटतं. तिला वाचता येत होतं, पण त्या ओळी तिने वाचून समजून घेतल्या नव्हत्या. शनिवारी खलबत्त्याजवळ बसून घेतल्या होत्या.

परतल्यावर अंडी. आदल्या दिवशी उकडून रंगवलेली. कांद्याच्या सालींत विटकरी, हळदीत पिवळी, आणि ईस्टर मार्चमध्ये आला तर पळसाच्या फुलांत केशरी. उकडण्याआधी अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवून वरून जुन्या धोतराचा तुकडा करकचून बांधायचा. सोडल्यावर पानाची पांढरी नक्षी उमटलेली असे. ही काकूची कला. बाजारात चॉकलेटची अंडी मिळायला लागली तेव्हा आम्ही मोठे झालो होतो. ती गोड लागतात, पण त्यांच्यावर कोथिंबिरीचं पान उमटत नाही.

ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, म्हणून आमचा सण शेजाऱ्यांच्या सणाला धरूनच यायचा. मार्चमध्ये आला की बहुधा होळीच्या मागोमाग, एप्रिलमध्ये आला की हनुमान जयंतीच्या. २००८ साली तर उत्तम शुक्रवारी संध्याकाळीच होळी पेटली. समोरच्या काकूंनी पुरणपोळ्या झाकून आणून दिल्या आणि म्हणाल्या, ‘आज खाऊ नका, उद्या खा, उद्यापण चांगल्या लागतात.’ त्यांना आमचा शुक्रवार ठाऊक होता. आम्हाला त्यांचं ठाऊक होतं. सहा डब्यांतला एक बिनअंड्याचा असायचा, दही घातलेला रव्याचा, आणि त्यासाठी परात आणि चमचेसुद्धा वेगळे. तो पुरणपोळीच्या आणि सुंठवड्याच्या घरांत जायचा.

आणि केक कापण्याचा नियम. पहिला तुकडा घराबाहेर. तो कुणाला द्यायचा हे आधी ठरवलेलं नसे. दाराशी येईल त्याला, किंवा रस्त्यावरून जाणाऱ्याला. तो देऊन मूल परत आल्याशिवाय दुसरा तुकडा कापायचा नाही. दहा जण डोळे लावून बसलेले आणि आमच्यातलं एक रस्त्यावर माणूस शोधतंय. राग यायचा. दुसरा नियम चुऱ्याचा. सहा केक कापले की ताटात, सुरीवर, डब्याच्या कडेला चुरा उरतो. तळाची थोडी करपलेली खरपूड उरते. मोठीआई त्यातला कण सांडू द्यायची नाही. ओल्या बोटाने टिपून घ्यायची. सोमवारी त्यात थोडं तूप, भाजलेले तीळ आणि गूळ घालून लाडू वळायची. मूठभर चुऱ्याचे अकरा लाडू, सुपारीएवढे. ते केकपेक्षा चांगले लागायचे, हे मी आजही सांगू शकतो.

२२ एप्रिल १९७३. मी अकरा वर्षांचा होतो. पाऊस नीट पडून किती दिवस झाले ते मोठ्यांनाही आठवत नव्हतं. महाराष्ट्रावर आलेल्या त्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळत होता. रेशनवर लाल मिलो मिळायची, माणसं खडी फोडायला जात, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जायची. गुऱ्हाळ नव्हतं, त्यामुळे काकवी नव्हती. मैदा मिळाला तरी महाग. आजी म्हणाली, या वर्षी केक राहू दे. मोठीआई ऐंशीच्या घरात होती, कमरेत वाकलेली. तिने काहीच उत्तर दिलं नाही. शनिवारी दुपारी खलबत्त्याचा ठोका ऐकू आला.

तिने मिलोचं पीठ दोनदा वस्त्रगाळ केलं होतं. गूळ विरघळवून, आटवून त्याचा काकवीसारखा पाक केला. अंडी दोनच. तूप नव्हतं, डालडा होता. भट्टीवर त्या रात्री आमचेच डबे होते, दुसरं कुणीच नाही. सहाऐवजी दोन. चाचांनी पैसे घेतले नाहीत. केक फुगला नाही. मिलोत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो फुगणारच नव्हता. विटेसारखा लाल, जड, कापताना तुटणारा. पहिला तुकडा घेऊन मी बाहेर पडलो आणि मला माणूस शोधावा लागला नाही. कोपऱ्यावर पाथर्डीकडून आलेलं एक कुटुंब बसलेलं होतं, दोन मुलं. मी एक तुकडा नेला होता. परत येऊन मोठीआईला सांगितलं की तिथे दोन मुलं आहेत. तिने सुरी खाली ठेवली आणि अख्खा डबा माझ्या हातात दिला. तांब्याच्या तारेचा वेढा असलेला, अजून कोमट. दुसऱ्या डब्यातला आम्ही वीस माणसांनी खाल्ला. चुरा भरपूर झाला होता. लाडू त्या वर्षी मोठे झाले.

दोन वर्षांनी ती गेली.

आमची पिढी आता साठीच्या पुढेमागे आहे. अकरांतले आठ उरलोत. पुणे, मुंबई, नाशिक, एक जण ऑस्ट्रेलियात. वाडा पडला, तिथे इमारत आहे. भट्टी डिझेलवर गेली आणि मग बंद झाली. पण ईस्टरला जमेल तेवढे नगरला, धाकट्या भावाच्या फ्लॅटवर जमतो. २०२५ चा ईस्टर २० एप्रिलला होता. ताईने वही आणली होती, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. खलबत्ता माझ्याकडे असतो, तो मी गाडीतून आणला. काकवी आता बाटलीत मिळते, वर लेबल असतं.

‘पुरेल एवढी’ म्हणजे किती, यावर आम्ही भांडलो. दर वर्षी भांडतो. ताई म्हणते दीड वाटी. ऑस्ट्रेलियातला भाऊ फोनवरून पडद्यावर डोकावून म्हणाला, एक वाटी आणि वर थोडं पाणी. मला वाटतं की मोठीआई काकवी मोजतच नव्हती, फेस कुठवर चढतो ते बघत होती. शेवटी माझं ऐकलं. भावाच्या नातीला, ती सात वर्षांची आहे, स्टुलावर उभं केलं आणि सोडा टाकला. फेस वर आला. ‘उतू चाललंय!’ ती किंचाळली. पडद्यावरचा भाऊ काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला.

केक विजेच्या ओव्हनमध्ये झाला. चांगला झाला. धुराचा वास नव्हता. ताईने पहिला तुकडा कापून कागदाच्या ताटलीत ठेवला आणि पोरीला म्हणाली, ‘जा, बाहेर देऊन ये.’ मी तिच्याबरोबर जिना उतरलो. फाटकाशी रखवालदार बसला होता, माझ्यापेक्षा थोडा लहान, डोक्याला टॉवेल. या कामाआधी बरीच वर्षं ऊसतोडीला जात होता, हे मला मागेच कळलं होतं. त्याने ताटली दोन्ही हातांत घेतली, तुकडा नाकाजवळ नेला.

‘कशाचा हाय गं?’

‘काकवीचा,’ ती म्हणाली. ‘आणि सुंठ.’

‘व्हय,’ तो म्हणाला. ‘गुऱ्हाळाचा वास येतोय.’ त्याने तुकडा मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि उरलेला अर्धा घडी घातलेल्या रुमालात ठेवला. पोरगी वर धावली, कारण वर सगळे सुरी धरून तिची वाट पाहत होते.